सावजीची पाटी आणि भंडाऱ्याचं ताट

नागपूरहून रायपूरच्या वाटेला लागलं की पारडी मागे पडते, मौद्याला कन्हान ओलांडली जाते, मग ठाणा, भंडारा, वैनगंगेचा पूल, कारधा, लाखनी, साकोली. या सगळ्या पट्ट्यात एक पाटी पुन्हा पुन्हा दिसते : सावजी भोजनालय. आधी कुणाचं तरी नाव, कुठे देवाचं, कुठे मुलाचं, आणि पुढे 'सावजी'. रंग वेगळे, अक्षरं वेगळी, मालक वेगळे. या सगळ्यांचं कुठेही मुख्य कार्यालय नाही, करारपत्र नाही, नाव वापरल्याबद्दल कुणी कुणाला पैसे देत नाही. तरीही अमरावतीहून निघालेल्या ट्रकवाल्याला, ओडिशाला चाललेल्या बारातीला आणि नागझिऱ्याला निघालेल्या कुटुंबाला आत शिरण्याआधीच ठाऊक असतं की ताटात काय येणार : काळपट लाल रस्सा, वर तर्री, मटणाचे चार-पाच तुकडे, कांदा, लिंबू आणि कपाळावर घाम.

प्रवाशाला अनोळखी गावात ओळखीच्या चवीची हमी देणं हे खाद्यसाखळीचं मुख्य काम. ते काम विदर्भात सावजी करतो, म्हणून मी त्याला साखळीच मानतो. ही साखळी भंडारा जिल्ह्यात कशावर टिकली आहे आणि तिच्या सावलीत या जिल्ह्याचं स्वतःचं कोणतं अन्न झाकलं गेलं आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रवासात मांस खायला ठरलेल्या नावाच्या ठिकाणी थांबण्याची सवय अमेरिकेत फार पक्की आहे. तिथे १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणलं गेलं आणि त्या रस्त्यांच्या कडेने स्टेकहाउसच्या, म्हणजे भाजलेल्या गोमांसाच्या, साखळ्या उभ्या राहिल्या. पॉन्डेरोसा १९६५ साली इंडियाना राज्यात सुरू झालं, आउटबॅक स्टेकहाउस १९८८ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात. आउटबॅकच्या भिंतीवर कांगारू आणि बूमरँग, पदार्थांची नावं ऑस्ट्रेलियन. पण ज्यांनी ते काढलं त्यांनी तोवर ऑस्ट्रेलिया पाहिलाही नव्हता. तिकडे राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीत लांबच्या प्रवासाला निघाली की अशा ठिकाणी थांबतात. ज्याला गोमांस चालत नाही तो कोंबडी किंवा मासा मागवतो. चव सगळीकडे सारखी, कारण मांस, मसाला आणि भाजण्याची वेळ हे सगळं वरून ठरून येतं.

आपल्याकडे स्टेकचा विषय २०१५ च्या मार्चनंतर आणखी आक्रसला. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात आधीपासूनच बंदी होती, त्या वर्षी बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये राज्यातली कत्तलबंदी कायम ठेवली. भंडाऱ्याच्या महामार्गावर मात्र त्याने फारसा फरक पडला नाही. इथलं मांसाहारी जेवण बोकडावर, कोंबडीवर आणि पाण्यातल्या जीवांवर चालत आलं आहे.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर शाकाहारी साखळ्या आपण पाहिल्या आहेत. कामतांची उपाहारगृहं मुंबईतून महामार्गांवर कशी आली ते विठ्ठल कामतांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी'च्या असंख्य मराठी वाचकांना ठाऊक आहे. नागपूरच्या हल्दीरामची दालनंही आता महामार्गांवर दिसतात. त्यांच्यामागे एक कुटुंब आहे, एक कंपनी आहे. सावजीमागे एक जमात आहे, आणि तिची गोष्ट मागापासून सुरू होते.

नागपूरचे हलबा कोष्टी हे विणकर. भोसल्यांच्या काळात नागपुरी लुगड्यांना आणि धोतरांना मागणी होती. महाल, इतवारी, पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या वस्त्यांत घराघरांतून माग चालत. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि विणकरांची कित्येक मुलं हातमाग सोडून गिरणीत गेली. पुढे यंत्रमाग आले, हातमाग बसले, शेवटी गिरण्याही बंद पडल्या. हातात उरलं ते घरचं रांधणं. या समाजात आदराने 'सावजी' म्हणतात, तेच नाव खाणावळींना पडलं. सुरुवातीला घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकून धंदा चाले. आत बायका मसाला वाटत, बाहेर पुरुष वाढत. पोटासाठी उघडलेल्या या खोल्या पुढे विदर्भभर पसरल्या आणि नंतर पुण्या-मुंबईच्या पाट्यांवरही आल्या.

मसाल्याची घडण एकदा नीट पाहण्यासारखी आहे. सुकं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र, मोठी वेलची, शहाजिरे आणि मिरची. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची करपण्याची वेळ निराळी. रश्श्याला दाटपणा यावा म्हणून भाजलेल्या ज्वारीचं पीठ लावणारी घरं आहेत. जुनी माणसं जवसाच्या तेलाची आठवण काढतात; आता बहुतेक ठिकाणी सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तेल असतं. बत्तीस मसाल्यांची गोष्ट सगळेच सांगतात, बत्तीस मोजून दाखवणारा क्वचितच भेटतो. भोजनालयाच्या मालकाला विचारलं तर 'घरचा मसाला आहे' इतकंच उत्तर येतं आणि ते पुरेसं मानायचं असतं.

खाण्याची यादी छोटी आणि थेट. मटण, चिकन, खिमा, कलेजी, भेजा, मुंडी, खूर आणि सुंदरी, म्हणजे बोकडाची आतडी. शाकाहाऱ्यासाठी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा. दोन्ही त्याच मसाल्यात, म्हणून तितकेच जहाल. सोबत पोळी, भाकरी किंवा भात. खास प्रसंगी लंबी रोटी, उपड्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर हाताने लांबवत टाकलेली, रुमालासारखी पातळ. स्टेकहाउस गाईच्या अंगावरचा उत्तम भाग निवडतं आणि त्याचेच पैसे घेतं. सावजीने जनावराचा कोणताच भाग वाया घालवला नाही. खूर रात्रभर शिजवायचे, आतडी तासभर धुवायची, मुंडी फोडायची : ज्याच्याकडे पैसा कमी आणि मेहनत भरपूर आहे अशा घरातून हे अन्न आलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

हे अन्न भंडाऱ्यात नागपूरहून आयतं आलं असं समजणं चुकीचं ठरेल. कोष्ट्यांची वस्ती इथेही जुनी. मोहाडी, आंधळगाव आणि पवनी ही विणकरांचीच गावं. मोहाडीला चौंडेश्वरीचं देऊळ आहे. ही कोष्टी समाजाची देवता, नवरात्रात तिथे मोठी गर्दी होते. आंधळगाव-मोहाडीच्या मागांवर टसरचं रेशीम विणलं गेलं. विदर्भाच्या करवती काठाच्या साडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती ज्या हातांनी विणली गेली त्यांतले बरेच याच जिल्ह्यातले. मागाला बसणाऱ्याला दिवसभर बैठं काम, रात्री तिखट आणि भरपूर रस्सा. तेव्हा भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या एखाद्या साध्या भोजनालयात जे पानात पडतं, त्याची मुळं महालात जितकी आहेत तितकीच मोहाडीतही आहेत.

मिरचीचंही तसंच. पवनीच्या पश्चिमेला नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत भिवापूर. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आखूड, गर्द लाल, रंग आणि तिखटपणा दोन्हीला पक्की. या भागातल्या मिरचीच्या सातऱ्यांवर बायका ओळीने बसतात आणि मिरचीचा देठ खुडतात. त्याला इकडे मुकटी तोडणं म्हणतात. मजुरी वजनावर. दिवसभर खाट बसतो, डोळे चुरचुरतात, बोटांची आग रात्रभर जात नाही, अंगावर पोर असेल तर त्याला घेताना हात पदराने गुंडाळावे लागतात. महामार्गावर तर्रीचं कौतुक करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी सातरा पाहिला आहे? त्या बायकांच्या मजुरीचा विषय जिल्ह्यात अधूनमधून निघतो आणि पुन्हा मागे पडतो. तो पडू नये.

आता हा रस्ता. इंग्रजी अमलात नागपूर ते रायपूर हा 'ग्रेट ईस्टर्न रोड' होता. छत्तीसगडच्या शहरांत आजही त्याला जी. ई. रोड म्हणतात. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंत. २०१० साली देशातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हा ५३ झाला. पण ढाब्यावर अजूनही 'सहा नंबर' म्हटलं की काम भागतं. नागपूरपासून भंडारा सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे सकाळी निघालेल्याला चहाला आणि उशिरा निघालेल्याला जेवायला सोयीचं अंतर. भिलाईचं पोलाद, ओडिशाचं खनिज, सुरतेचं कापड या रस्त्याने जातं. जिल्ह्यातही वरठीला पोलादाचा कारखाना, जवाहरनगरला आयुधनिर्माणी, गडेगावला वाहनांचा कारखाना, तुमसरकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी. पाळीवरून सुटलेला कामगार आणि लांबचा चालक एकाच बाकड्यावर जेवतात.

सावजीची साखळी टिकण्याचं मला दिसलेलं कारण हेच. फक्त वाटसरूंवर चालणारं ठिकाण बिघडलं तरी चालतं, कारण आजचा गिऱ्हाईक उद्या येणार नसतो. गावातला माणूस बुधवारी आणि रविवारी येतो, बोकड कुणाकडचा आहे हे त्याला माहीत असतं, रस्सा पातळ झाला तर तो तिथल्या तिथे बोलतो. परक्या प्रवाशाची हमी अशी गावातल्या गिऱ्हाइकाच्या जिभेवर उभी असते. अमेरिकेतल्या साखळीत हे काम तपासणी अधिकारी आणि छापील नियमपुस्तिका करते.

म्हणून प्रवासात ठिकाण निवडायचं तर पाटीच्या आकारावर जाऊ नये. दारात सायकली आणि गावच्या दुचाक्या किती आहेत ते पाहावं. दुपारी एकच्या आधी आणि रात्री आठच्या सुमारास जावं, म्हणजे पातेलं ताजं असतं. आधी नुसता रस्सा वाटीभर मागावा. कुणी नाही म्हणत नाही. मसाला नीट भाजलेला असेल तर तिखट घशात उशिरा लागतं आणि पोटात जळत नाही. रस्सा जिभेला लागताक्षणी झोंबला, वरचं तेल भडक केशरी दिसलं, तर रंग आणि विकतची भुकटी पातेल्यात पडली आहे असं समजावं.

या नावाला मालक नाही, त्याचा तोटा इथे होतो. उद्या कुणीही पाटी लावावी आणि काहीही उकळून वाढावं. गेल्या काही वर्षांत 'सावजी' म्हणजे न सोसणारं तिखट अशी समजूत बाहेरच्यांची झाली आहे आणि कित्येक नवी ठिकाणं तीच समजूत विकत आहेत. खाणारा डोळे पुसत हसतो, मित्र त्याचं चित्रीकरण करतात, आणि खसखस-खोबऱ्याची जी खोल चव या रांधण्याचा प्राण आहे ती कुणाच्या लक्षातही येत नाही. हे मला वाईट वाटतं.

दुसरा दोष बसण्याचा. महामार्गावरची कित्येक भोजनालयं दारूच्या आधाराने चालली. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, पुढे लहान गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं, नंतर नगरपालिका हद्दींना मोकळीक मिळाली. बाटली टेबलावरून टेबलाखाली आणि पुन्हा टेबलावर गेली, इतकाच बदल बऱ्याच ठिकाणी झाला. पण या दारूमुळे ज्या स्त्रियांनी हा मसाला घडवला त्यांच्याच लेकी-सुनांना या भोजनालयांत मोकळेपणी बसता येत नाही. मग पडदा लावलेली कोंदट 'फॅमिली रूम', तिथे पंखा चालेलच असं नाही, आणि स्वच्छतागृहाचं विचारलं की मागच्या शेताकडे बोट. ज्या मालकांनी एक स्वच्छ खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह बांधलं, त्यांच्याकडे कुटुंबं आपणहून थांबतात. यात मोठा खर्च नाही. मनावर घेण्याचा प्रश्न आहे.

आणि आता जे ताटात येतच नाही त्याबद्दल.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून इथे कोहळी समाजाने तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला जमीन अशी ती रीत होती. इंग्रजी काळात ते मालगुजारांच्या ताब्यात आले म्हणून मालगुजारी तलाव. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, गाळ साचला, बेशरम नावाचं झुडूप माजलं. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या मनीष राजनकरांनी ढीवर समाजाला सोबत घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि गावठी मासोळी परत आणली. हे ढीवर पिढ्यान्‌पिढ्या मासोळी धरत आले. मरळ, वाम, झिंगे, खेकडे; शिवाय सोडलेले रोहू आणि कतला. पावसाळ्याच्या तोंडाला झिंग्यांचा रस्सा, उन्हाळ्यात वाळवलेल्या झिंग्यांची चटणी, हिवाळ्यात लाखोरीची कोवळी भाजी. हे या जिल्ह्याच्या प्रत्येक घराला माहीत आहे. महामार्गावरच्या फळ्यावर मात्र ते लिहिलेलं सापडत नाही. फळ्यावर पनीर मसाला असतो, चिली चिकन असतं, तंदुरी असते.

भाताचं तेच. सबंध जिल्हा धानाचा, आणि त्यात भंडाऱ्याचं चिन्नोर, लहान दाण्याचं, शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जाणारं. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पीक उशिरा हाती येतं, उतारा कमी, म्हणून शेतकरी ते बांधीच्या एका कोपऱ्यात घरच्यापुरतं लावतो. भोजनालयांत बहुधा एचएमटी शिजतं. तेही आपलंच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं वाण. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले. सबंध देशात खाल्ल्या गेलेल्या त्या तांदळाने त्यांच्या घरात पैसा आणला नाही. एवढ्या मोठ्या धानाच्या मुलखातून जाणाऱ्या प्रवाशाला पानातला भात कोणता हे कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

मासोळीच्या मागे एक कठीण प्रश्नही उभा आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. पाणलोट मोठा, मासेमारी मोठी. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि आंभोऱ्याजवळ कन्हानमधून वैनगंगेत येतं. आंभोऱ्याला आता तारांवर तोललेला सुंदर पूल झाला आहे, जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला, लोक वरच्या गॅलरीत छायाचित्रं काढायला जातात. त्याच पुलाखालून शहराची घाण धरणाकडे जाते. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. त्यातलं काम जितकं लांबेल तितकी वर्षं खालच्या गावांचं पाणी आणि ढीवरांची जाळी त्याची किंमत मोजतील. भंडाऱ्याच्या मासोळीला महामार्गावर मान मिळावा असं म्हणताना हे पाणी स्वच्छ व्हावं हे त्याच दमात म्हणायला हवं. तोवर तलावाची मासोळी कोणती आणि धरणाची कोणती, हे विकणाऱ्याने सांगावं.

लाखनी आणि साकोलीला आता उड्डाणपूल आहेत. गाड्या गावाच्या डोक्यावरून जातात. वेळ वाचतो, अपघात कमी होतात, रस्ता झाला हे चांगलंच झालं. पण खालच्या रस्त्यावरची भोजनालयं वाहनांच्या नजरेआड गेली आणि पुढे मोकळ्या जागी काचेच्या भिंतींची मोठी उपाहारगृहं उभी राहू लागली, जिथे जिल्हा कोणता हे ताटावरून कळत नाही. साखळीला आणखी मोठी साखळी गिळते ती अशी. तिच्यापुढे टिकायचं तर सावजीला नुसतं तिखट पुरणार नाही. तलावाची मासोळी, चिन्नोरचा भात आणि गावचा बोकड हे काचेच्या भिंतीआडच्या स्वयंपाकघराला जमणारं नाही. ते इथल्यालाच जमेल. भंडारा एके काळी पितळेच्या भांड्यांसाठी गाजलेलं शहर. एखाद्या भोजनालयाने पितळेच्या ताटात हे जेवण वाढलं तर चार कारागिरांच्या हातोडीलाही काम मिळेल.

दिवाळी झाली की या जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, घरोघरी पाहुणे आणि चुलीवर मटण. सासरी गेलेल्या मुली येतात, जावई येतात, नागपुरात कामाला गेलेली पोरं येतात. भंडाऱ्याचं अन्न कसं असतं ते याच दिवसांत कळतं, कारण तेव्हा ते पाहुण्यासाठी रांधलेलं असतं.

तेव्हा या बाजूला याल तर लाखनीला किंवा साकोलीला उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या रस्त्याने गावात शिरा. सावजीकडेच बसा, पण बसल्यावर विचारा : मासोळी कोणत्या तलावाची आहे? भात चिन्नोरचा मिळेल का? नाही म्हणाले तर पुढच्या खेपेला ठेवा असं सांगून निघा. आणि मालकांनो, दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी फळ्यावर लिहून ठेवा.